समकालीन दृश्यकला कशी शोधावी : बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील वाचकांसाठी

भिंतीवरचे चित्र, छायाचित्र, अक्षररचना किंवा कल्पक जाहिरात असे काही ना काही चांगले आपल्याला मोबाइलवर रोज दिसते. आपण ते चार जणांना पाठवतो आणि तासाभरात विसरतो, कारण ते कोणी, कुठे आणि कशासाठी केले याची माहिती सोबत आलेली नसते. म्हणून या शोधाचा पहिला आणि सर्वांत उपयोगी नियम मी असा सांगेन की, काम आवडले की आधी कर्त्याचे नाव शोधावे. एक नाव मिळाले की त्याची इतर कामे, त्याचे सहकारी आणि त्याला निमंत्रण देणाऱ्या संस्था असा धागा हाती लागत जातो.

नाव शोधण्याची रीत सोपी आहे. चित्र गूगल लेन्स किंवा टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनांवर टाकावे. टिनआयवर सर्वांत जुनी प्रत आधी दिसेल अशी मांडणी निवडता येते आणि मूळ स्रोत बहुधा तिच्याच आसपास सापडतो. पाठवलेल्या चित्राच्या कडा पुष्कळदा कापलेल्या असतात आणि कर्त्याची सही त्या कडेलाच असते, त्यामुळे पूर्ण चित्र मिळेपर्यंत शोध सोडू नये. संगणकाने बनवलेली बनावट भित्तिचित्रे आता फार फिरतात, म्हणून आणखी एक कसोटी लावावी. खऱ्या भिंतीची छायाचित्रे अनेकांनी वेगवेगळ्या बाजूंनी काढलेली असतात, आणि त्यांत शेजारची दुकाने, विजेचे खांब, रस्ता हे सारे जुळते. एकाच कोनातले एकच चित्र सगळीकडे दिसत असेल आणि गावाचे नाव कुठेच नसेल, तर ते बाजूला ठेवावे.

रस्त्यावरच्या कलेची सुरुवात आपल्याच राज्यातून करावी, असे मला मनापासून वाटते. कलाकार बादल नंजुंडस्वामी यांनी २०१५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यावरील पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मगरीची प्रतिकृती ठेवली. २०१९ मध्ये, चांद्रयान-२ च्या अवतरणाची चर्चा सर्वत्र चालू असताना, त्यांनी खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावर एका अभिनेत्याला अंतराळवीराच्या पोशाखात चालवले. ती चित्रफीत पुन्हा सावकाश पाहावी. सुरुवातीला अंधार, खळगे आणि संथ पावले यांमुळे चंद्राचाच पृष्ठभाग वाटतो. मग शेजारून वाहन जाते आणि आपण आपल्याच रस्त्यावर आहोत हे ध्यानात येते. मोठी भिंत नाही, यंत्रसामग्री नाही. जागा आणि वेळ यांची निवड हेच सारे कौशल्य आहे. एखादे काम पाहताना 'हे इथेच आणि आत्ताच का केले' हा प्रश्न विचारण्याची सवय अशाच उदाहरणांनी लागते.

यानंतर स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेचे काम पाहावे. या संस्थेने दिल्लीच्या लोधी कॉलनीत देशी आणि परदेशी चित्रकारांकडून ५० हून अधिक भिंती रंगवून घेतल्या आहेत, तर २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकमध्ये मोठे प्रदर्शन भरवले. गूगल आर्ट्स अँड कल्चरवर जगभरची भित्तिचित्रे विनामूल्य पाहता येतात. तिथेही चित्रावरून चित्राकडे उड्या न मारता एका बैठकीत एकाच चित्रकाराची कामे पाहावीत.

छायाचित्रांच्या बाबतीत ओळींचे, म्हणजे चित्राखालच्या मजकुराचे, महत्त्व फार आहे. वर्ल्ड प्रेस फोटो ही स्पर्धा १९५५ पासून चालते आणि तिच्या संकेतस्थळावर पुरस्कारप्राप्त चित्रांसोबत छायाचित्रकाराचे नाव आणि प्रसंगाची माहिती दिलेली असते. रघू राय यांच्यापासून २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार मिळालेल्या दयानिता सिंग यांच्यापर्यंत भारतीय छायाचित्रकारांची कामे स्वतंत्रपणे अभ्यासावीत. परंतु सीमाभागातील वाचकाला मी सर्वांत आधी 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया सुचवेन. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहातील वृत्तांत मराठीत वाचता येतात आणि कन्नडमध्येही. ऊसतोड, विणकर, धनगर असे आपल्या ओळखीचे जग तिथे कॅमेऱ्यासमोर येते, आणि ज्याचे चित्र काढले त्याचे नावही शक्यतो दिलेले असते. हा आदर मला फार मोलाचा वाटतो.

अक्षररचना आणि संकल्पन (डिझाइन) यांबाबत बेळगावइतकी चांगली शाळा शोधून सापडणार नाही. गणपत गल्ली, खडेबाजार किंवा शहापूरच्या बाजारात कन्नड आणि मराठी मजकूर एकाच फलकावर असलेली दुकाने पाहावीत. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. कन्नड अक्षर गोलाईवर उभे राहते आणि पुष्कळ अक्षरांच्या माथ्यावर तलकट्टू, म्हणजे छोटी वळणदार खूण, असते. दोन्ही लिप्या एकाच उंचीत बसवल्या की बहुधा एक दाटीवाटीची आणि दुसरी पोकळ दिसते. ज्या पेंटरने किंवा संकल्पकाने रेषेची जाडी आणि मधली मोकळी जागा सांभाळून दोघींना सारखे वजन दिले आहे, त्याचा फलक लगेच ओळखू येतो. फ्लेक्सच्या काळातही हाताने रंगवलेल्या पाट्या, शटर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या टिकून आहेत. त्यांच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचे नाव पुष्कळदा असते, तेही टिपून ठेवावे. मग घरी येऊन एक टाइप या मुंबईच्या संस्थेने केलेली 'बलू' ही अक्षरमाला गूगल फॉन्ट्सवर उघडावी आणि तिची देवनागरी व कन्नड रूपे शेजारी ठेवून पाहावीत. रस्त्यावर पाहिलेला प्रश्न तिथे कसा सोडवला आहे ते कळते. कमल शेडगे यांची मराठी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षके आणि र. कृ. जोशी यांचे अक्षरकार्य यांकडे याच वाटेने जावे. जगभरच्या चालू कामांसाठी बिहान्स हे संकेतस्थळ उपयोगी आहे, कारण तिथे काम कर्त्याच्या नावाने मांडलेले असते.

जाहिरातींमध्ये पुरस्कारांच्या याद्या हा सोपा मार्ग आहे. कान लायन्स हा जाहिरात महोत्सव १९५४ पासून आणि डी अँड एडी ही संकल्पन व जाहिरात क्षेत्रातील संस्था १९६२ पासून आहे. तरीही केवळ परीक्षकांसाठी केलेल्या जाहिराती या याद्यांत शिरतात, म्हणून ती जाहिरात लोकांपर्यंत खरोखर कुठे पोहोचली हे तपासावे. २०१३ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात लाइफबॉयने लाखो रोट्यांवर 'हात धुतले का?' अशा अर्थाचा हिंदी प्रश्न उष्णतेने उमटवला होता. रोटी खायला घेतानाच तो प्रश्न समोर येतो, आणि हात धुण्याची नेमकी वेळही तीच असते. जाहिरात पाहताना माध्यम आणि क्षण यांची अशी गाठ कुठे पडली आहे ते शोधावे. १९६६ पासून चाललेली अमूलची फलकमालिका सलग वर्षांच्या क्रमाने पाहिली, तर एकच पात्र इतकी दशके ताजे कसे ठेवतात हेही समजते.

पडद्याबाहेर जाणे मात्र टाळू नये. बेळगावात वरेरकर नाट्य संघाचे के. बी. कुलकर्णी कलादालन आहे. वैशाखातील शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथांवरील सजीव देखावे असतात, आणि त्यांची रचना व प्रकाशयोजना कलेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी. कोल्हापूरचे शाहू स्मारक भवन आणि चोर्ला घाट उतरून पणजी ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. पणजीत २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, आणि पिळर्ण येथे सुबोध केरकर यांचे म्युझियम ऑफ गोवा आहे. निघण्यापूर्वी तारखा संबंधित संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात. बाजारात छायाचित्र काढण्यापूर्वी दुकानदाराची परवानगी घ्यावी आणि कॅम्प भागात लष्करी जागेकडे कॅमेरा वळवू नये.

पाहिलेल्या कामांसाठी एक वही ठेवावी आणि तिच्यात कर्ता, गाव, वर्ष, ते कुठे पाहिले आणि का आवडले एवढे लिहावे. 'का' याचे उत्तर एका वाक्यात लिहिता आले नाही, तर ते काम पुन्हा पाहावे. नावाची जागा कोरी राहिली, तर महिनाभराने शोध पुन्हा घ्यावा, आणि कर्त्यांची नावे कधीच न देणारी खाती आपल्या यादीतून काढून टाकावीत.