पिल्लाचं दूध सुटलं, शी-शूची जागाही ठरली

आमच्या मनी मांजरीचं एकुलतं पिल्लू ५ आठवड्यांचं झालं तरी नुसतं आईला लुचायचं, आणि शी-शू सोफ्यामागे. मनी तिचा शी-शूचा ट्रे नीट वापरते, मग हे का नाही? एका संध्याकाळी जमिनीवर बसून बघत राहिले. पिल्लू आईमागून ट्रेपाशी गेलं, पुढचे पंजे काठावर टेकवले, धडपडलं आणि सोफ्यामागे पळालं. काठच उंच होता हो!

मग बुटांच्या खोक्याच्या झाकणात प्लास्टिक घालून लाकडी भुशाची लिटर, म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये पसरतात ती, पसरली. ओली झाली की गुठळ्या होणारी लिटर मुद्दाम टाळली, कारण एवढी लहान पिल्लं ती चाटतात आणि पोटात अडकायची भीती असते. वर मनीच्या ट्रेमधली चमचाभर ओली लिटर टाकली, वासासाठी. खाऊन झालं किंवा झोपून उठलं की लगेच पिल्लाला त्यात ठेवायचे. चौथ्या दिवशी त्याने स्वतःहून भुसा उकरला, बसलं, आणि वरून पुन्हा झाकलंसुद्धा. मला भरूनच आलं.

खाण्याचं सोपं निघालं. पिल्लांचं कोरडं खाणं कोमट पाण्यात लापशीसारखं भिजवून आधी बोटाला लावून चाटवलं, मग बशीत. गाईचं दूध अजिबात नको, जुलाब होतात. मनी बशी फस्त करायची, म्हणून तिला दुसऱ्या खोलीत वाढायचे. पाजणाऱ्या आईला भूकही फार लागते. पिल्लाला तिच्यापासून मी कधी ओढून काढलं नाही. आठव्या आठवड्यात ते लुचायला आलं की मनीच उठून खिडकीत जाऊन बसायला लागली.