गरिबीचे कारण लिहिण्यापूर्वी: शिष्यवृत्तीच्या घरभेटीला जाणाऱ्यांसाठी

आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत घरभेटीचा अहवाल जोडावा लागतो आणि त्या अहवालात ‘आर्थिक अडचणीचे कारण’ अशी एक ओळ असते. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये अशा घरभेटी मी बरीच वर्षे करत आले आहे, आणि त्या एका ओळीत मुलांची वर्षे कशी अडकतात, हे मी पाहिले आहे. कोणी लिहितो, ‘वडील व्यसनी व बेजबाबदार’. कोणी लिहितो, ‘कुटुंब व्यवस्थेचा बळी’. या दोन्ही शेऱ्यांवरून त्या घराला नेमकी कोणती मदत द्यावी, हे निवड समितीला कळत नाही. माणूस निवड करतो, हे खरेच आहे. परंतु निवडीसाठी त्याच्यापुढे कोणते पर्याय होते आणि निवड चुकली तर किती किंमत मोजावी लागणार होती, हे जात, धर्म, वस्ती आणि जन्माचे घर यांनी बहुतांशी आधीच ठरवलेले असते. म्हणून कारण लिहायचे असेल तर निवड, पर्याय आणि किंमत अशा तिन्ही गोष्टी विचाराव्या लागतात.

सुरुवात आजोबांपासून करावी. मुंबईत कधी आलात, कोणत्या गावाहून आलात, आजोबा कोणते काम करत होते, हे प्रश्न साधे आहेत आणि लोक त्यांची उत्तरे मोकळेपणाने देतात. आजोबा गिरणीत होते असे उत्तर आले, तर कोणत्या खात्यात होते, हेही विचारावे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकामाच्या खात्यात मजुरी चांगली असे, परंतु धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला) धागा तोंडाने ओढून घ्यावा लागत असल्याने, विटाळाच्या कल्पनेपायी अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना त्या खात्यात घेतले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला होता. एका पिढीची मजुरी कमी राहिली की गावाकडची जमीन सोडवायला, खोली घ्यायला आणि मुलाला शाळेत ठेवायला पैसा उरत नाही, आणि पुढची पिढी तेथूनच सुरुवात करते. त्यानंतर १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतल्या असंख्य घरांची कायमची नोकरी गेली. ज्यांच्या घरी शेती होती किंवा शिकलेला भाऊ होता, त्यांनी तो काळ कसाबसा काढला. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते, त्यांची नातवंडे आज आपल्याकडे अर्ज करत आहेत.

यापुढचा टप्पा म्हणजे निवडींची नोंद, आणि येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते. गोवंडीतल्या एका घरी आईने रुग्णालयातली हाउसकीपिंगची बारा तासांची नोकरी सोडून दोन घरची धुणीभांडी धरली होती आणि महिन्याचे उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आले होते. मी अहवालात लिहिले, ‘चांगली नोकरी स्वतःहून सोडली’. वाक्य खरे होते. कागद पिशवीत ठेवून मी उठत असताना गल्लीत एकदम आरडाओरडा झाला. ती बाई बोलता बोलता उठली, मोरीतून दोन हंडे आणि निळा पाइप उचलून बाहेर धावली आणि पाऊण तासाने ओल्या साडीने परतली. पाणी संध्याकाळी यायचे, कधी सात वाजता, तर कधी साडेआठला. ती कामावर असताना नववीतली मुलगी रांगेत उभी राहायची, पाणी भरून झाल्यावर स्वयंपाक करायची आणि पुस्तक उघडेपर्यंत दहा वाजलेले असायचे. पाणी विकत घ्यायचे तर ड्रममागे पैसे मोजावे लागत होते आणि रुग्णालयातल्या पगाराचा मोठा वाटा त्यातच गेला असता. मुलीचे नववीचे वर्ष वाचावे म्हणून आईने नोकरी सोडली होती, आणि मी त्यालाच गरिबीचे कारण ठरवून बसले होते. झोपडी अनधिकृत असली तरी तेथे राहणाऱ्यांना पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले आहे. मात्र निकाल लागला म्हणून प्रत्येक गल्लीत वेळेवर नळ वाहू लागला, असे झालेले नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक निवडीपुढे दोन प्रश्न लिहिते: हे केले नसते तर दुसरे काय करता आले असते, आणि त्याला किती खर्च आला असता? नोकरी सोडणे, शाळा बदलणे, कर्ज काढणे, गावी परत जाणे, या सगळ्यांना हे प्रश्न लावावेत.

कर्जाच्या बाबतीत आकडे मांडल्याशिवाय मत बनवू नये. वस्तीत ‘दहा टक्क्यांनी पैसे घेतले’ असे म्हणतात, तेव्हा ते व्याज महिन्याचे असते. आजारपणासाठी घेतलेल्या पाच हजारांवर दरमहा पाचशे रुपये गेले, तर दहा महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज भरून होते आणि मुद्दल तसेच उभे राहते. सोसायटीत राहणारा पगारदार माणूसही आजारी पडतो आणि उधळपट्टीही करतो, पण त्याच्यामागे विमा, क्रेडिट कार्ड किंवा सासरे उभे असतात. चूक तीच असली तरी एका घराला ती दोन महिने जाणवते आणि दुसऱ्या घराला दहा वर्षे.

व्यसनाची नोंद लपवू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. दारूने घरे उद्ध्वस्त होतात आणि तो त्रास बायको-मुलांना रोज भोगावा लागतो. तेथे सहानुभूतीच्या भरात गुळमुळीत वाक्य लिहिणे म्हणजे त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. मात्र काळाचा क्रम विचारावा. काम गेल्यावर दारू सुरू झाली की दारूमुळे काम गेले, हे घरातल्या बाईला नेमके ठाऊक असते, आणि शिष्यवृत्तीची रक्कम कोणाच्या खात्यात जमा करावी, हेही तीच सांगते.

भेदभावाबद्दल विचारताना ‘तुमच्यावर अन्याय झाला का?’ असे विचारू नये. बहुतेक लोक ‘नाही’ म्हणतात, कारण आपल्याला का नाकारले, हे एकट्या माणसाला कळतच नाही. अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागो येथे सुमारे पाच हजार नोकरी-अर्ज पाठवून एक प्रयोग झाला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पात्रता सारखीच असताना गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना कृष्णवर्णीयांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना तसेच अर्ज पाठवले. त्यांच्या २००७ च्या लेखातही, पात्रता सारखी असूनही दलित आणि मुस्लिम नावांना कमी प्रतिसाद मिळाल्याचे दिसते. वंश आणि जात या एकच गोष्टी नव्हेत. अमेरिकेत १९३० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवून तेथे घरकर्ज देणे धोक्याचे ठरवले गेले. आपल्याकडे नकाशाची गरज पडली नाही, आडनाव पुरले. तरी या प्रयोगांतून घरभेटीसाठी घेण्यासारखी गोष्ट एकच आहे: मत विचारू नका, घटना विचारा. भाड्याची खोली शोधताना किती ठिकाणी गेलात, आडनाव कधी विचारले, त्यानंतर एजंट काय म्हणाला, असे विचारले की उत्तर मिळते. एका नकारावरून काहीही सिद्ध होत नाही. सहा घरांतून एकाच तऱ्हेचे नकार नोंदले गेले, तर समितीला ते वाचावेच लागतात.

‘त्याच गल्लीतला मुलगा सीए झाला, मग याला का जमत नाही?’ हा प्रश्न बैठकीत येतोच, आणि तो टाळू नये. त्या मुलाचे कष्ट खरे आहेत. पण त्याच्या घरीही जाऊन यावे: वडील कुठे कायम नोकरीत होते का, अभ्यासाला मावशीची खोली होती का, इंग्रजी माध्यमाचा निर्णय कोणी घेतला. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी दादरच्या शाळांचा अभ्यास करून २००६ मध्ये दाखवले की, मागास मानल्या जाणाऱ्या जातींतले मुलगे मराठी माध्यमातच राहत होते, कारण जातीतल्या ओळखींमुळे त्यांना ठरावीक कष्टाची कामे मिळत होती. मुलींना त्या ओळखींचा उपयोग नव्हता, म्हणून त्या इंग्रजीकडे अधिक वेगाने वळल्या. बापाने मुलाला आपल्या ओळखीच्या वाटेने नेले, आणि शहरातली ती कामेच कमी होत गेली. यात मूर्खपणा कुणाचाही नव्हता.

शेवटी कारण लिहिताना विशेषणे गाळावीत आणि तारीख, रक्कम व प्रसंग लिहावेत. गोवंडीच्या त्या घराची नोंद मी पुन्हा अशी केली: ‘नळाला संध्याकाळी अनिश्चित वेळी पाणी येते. मुलीचा अभ्यास बुडू नये म्हणून आईने बारा तासांची नोकरी सोडली. उत्पन्न निम्म्यावर आले. संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासाला जागा आणि पाण्याची सोय झाल्यास आई पुन्हा पूर्णवेळ काम करू शकेल.’ ही नोंद वाचून समितीने शिष्यवृत्ती दिलीच, शिवाय जवळच्या एका अभ्यासिकेत मुलीचे नाव घातले.

आणि उठण्यापूर्वी लिहिलेले घरातल्यांना वाचून दाखवावे. त्या बाईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एक दुरुस्ती सांगितली: सोडली असे लिहू नका, सुपरवायझरकडे संध्याकाळपूर्वी सुटणारी पाळी मागितली होती, तो नाही म्हणाला, हे आधी लिहा.