जुन्या स्टिरिओला म्युझिक प्लेअर जोडताना

कोकणातल्या कितीतरी घरांत, माजघराच्या कोपऱ्यात किंवा ओटीवरच्या फडताळात, एखादा जुना स्टिरिओ अजून आपली जागा धरून असतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या कोणीतरी तो हौसेने घेतलेला असतो आणि निवृत्तीनंतर बाकीच्या सामानाबरोबर गावी आणलेला असतो. कॅसेटींना बुरशी आली, डेकचा पट्टा सैल झाला, तरी त्यातला ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांतले स्पीकर बहुधा धड असतात. अशा स्टिरिओला खिशातला म्युझिक प्लेअर किंवा मोबाइल जोडायला एक केबल पुरते. मात्र ती केबल कोणत्या सॉकेटात घातली आणि ते सॉकेट कोणत्या अवस्थेत आहे, यावर सगळे अवलंबून असते. आपल्याकडे या दुसऱ्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होते.

प्रथम स्टिरिओ बंद करून त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटातून काढावी आणि मागची बाजू उजेडाकडे वळवावी. तिथे गोल सॉकेटांच्या जोड्या दिसतील. त्यांवर ‘ऑक्स’, ‘टेप’, ‘ट्यूनर’, ‘सीडी’, ‘लाइन इन’ यांपैकी काही लिहिलेले असेल, तर त्यातली कोणतीही मोकळी जोडी आपल्या कामाची आहे. ‘टेप’च्या दोन जोड्या असतात. एक आवाज आत घेणारी, तिच्यावर ‘प्ले’ किंवा ‘इन’ असते, आणि दुसरी बाहेर देणारी, तिच्यावर ‘रेक’ किंवा ‘आउट’ असते. आपल्याला पहिली हवी. ‘टेप’मध्ये जोडणी केल्यावर पुढचे ‘टेप मॉनिटर’चे बटण दाबायचे राहून गेले, तर सगळे बरोबर असूनही आवाज येत नाही.

‘फोनो’ लिहिलेल्या सॉकेटात मात्र प्लेअर कधीही जोडू नये. ते सॉकेट तबकडीच्या सुईसाठी असते. सुईकडून येणारा विद्युतसंकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असल्यामुळे तो तिथे सुमारे शंभर पटीने वाढवला जातो, आणि तबकडी कापताना मुद्दाम कमी केलेले खर्जाचे स्वर पुन्हा वर उचलले जातात. प्लेअरचा संकेत मुळातच जोरदार असल्याने तो या मार्गाने गेला, की आवाज घोगरा, फाटका आणि नको इतका खर्जाचा होतो. आमच्या घरी पहिल्यांदा हीच चूक झाली आणि स्पीकर फाटला असे समजून आम्ही तो दुरुस्तीला न्यायला निघालो होतो.

केबल घेताना एका टोकाला ३.५ मिमीची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना अशी मागावी. लाल पिन उजव्या बाजूची आणि पांढरी डाव्या. जुन्या स्टिरिओवर पांढऱ्याच्या जागी काळा रंगही असतो. मोबाइलला ३.५ मिमीचे छिद्र नसेल, तर त्याला चालणारा छोटा ॲडॉप्टर मध्ये घालावा. ब्लूटूथ रिसीव्हर वापरायचा असला, तरी त्याची केबल याच सॉकेटात जाते, म्हणून वर सांगितलेले सारे त्यालाही लागू आहे.

काही स्टिरिओंना, विशेषतः युरोपीय घडणीच्या, आरसीएऐवजी पाच टाचण्यांचे एकच गोल डिन सॉकेट असते. त्यात २ क्रमांकाची टाचणी अर्थिंगची, ३ डाव्या आवाजाची आणि ५ उजव्या आवाजाची असते. १ आणि ४ या टाचण्या रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देतात. तयार केबल १ आणि ४ ला जोडलेली निघाली, तर स्टिरिओ गप्प राहतो. म्हणून विकत घेतानाच ती ३ आणि ५ ची आहे याची खात्री करून घ्यावी.

आता खाऱ्या हवेचा प्रश्न. समुद्राजवळच्या घरांत तांब्या-पितळेच्या भांड्यांवर जसा हिरवा कळंक चढतो, तसाच तो या सॉकेटांच्या धातूवरही चढतो, आणि खरखर, एका बाजूचा आवाज जाणे किंवा पिन हलवली की आवाज येणे या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा त्यातच असते. त्यामुळे नवी केबल किंवा नवा स्टिरिओ घेण्याआधी सफाई करावी. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. काडीला कापूस गुंडाळून, त्यात भिजवून, सॉकेटाची बाहेरची कडी आणि आतले छिद्र पुसावे. मग पिन आत घालून दहा-बारा वेळा फिरवावी, म्हणजे घासून धातू उघडा होतो. सँडपेपर वापरू नये, कारण वरचा मुलामा निघाला की गंज अधिक वेगाने धरतो. खोबरेल तेलही लावू नये; त्यावर धूळ बसून चिकटा होतो. आवाजाची कळ खरखरत असेल, तर स्टिरिओ बंद ठेवून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवावी. पेटी मात्र स्वतः उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते.

जोडणी झाल्यावर स्टिरिओची कळ शून्यावर ठेवावी, प्लेअरचा इक्वलायझर बंद करावा, त्याचा आवाज तीन-चतुर्थांश करावा आणि मग स्टिरिओचा आवाज हळूहळू वाढवावा. प्लेअर फार खाली ठेवला, तर स्टिरिओ जास्त उघडावा लागतो आणि त्याबरोबर सुसकाराही वाढतो. एकाच बाजूने आवाज येत असेल, तर स्टिरिओकडच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करावी: मुकी बाजू बदलली तर दोष केबलचा किंवा प्लेअरचा, बदलली नाही तर स्टिरिओचा. प्लेअर चार्जिंगला असतानाच सलग घरघर येत असेल, तर चार्जर काढून पाहावा. बहुधा ती तिथेच थांबते.

ज्या यंत्राला आवाज आत घेणारे एकही सॉकेट नाही, पण कॅसेटचा डेक फिरतो, त्यात कॅसेटच्या आकाराचा ॲडॉप्टर चालतो. वाल्व्हच्या जुन्या रेडिओला मात्र केबल लावू नये. त्यांतल्या काही रेडिओंची आतली धातूची चौकट थेट घरच्या विजेशी जोडलेली असते आणि प्लेअरला हात लावणाऱ्या माणसाला जिवावरचा धक्का बसू शकतो. असा रेडिओ आधी जाणकार कारागिराला दाखवावा.

गणपतीत डबलबारीची भजने किंवा आरत्या लावायचा बेत असेल, तर ही सगळी चाचणी श्रावणातच उरकावी, म्हणजे केबल बदलावी लागली तरी चिपळूण-कणकवलीच्या बाजाराला एक फेरी मारायला वेळ राहतो. मेअखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात स्टिरिओची वायर आणि एफएमची बाहेरची एरियल दोन्ही काढून ठेवावीत. पावसाळ्यात दर आठवड्याला अर्धा तास तो चालू ठेवला, तर आतली ऊब दमटपणा काढून टाकते; मोकळ्या सॉकेटांवर प्लॅस्टिकची टोपणे बसवावीत, आणि जोडलेली पिन महिन्यातून एकदा जागच्या जागी फिरवावी.