छोट्या मरीन टँकमधून मोठ्या टँकमध्ये शिफ्टिंग करताय? या चुका टाळा

मोठा मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, आला की सगळ्यांना एकच घाई असते, संध्याकाळपर्यंत मासे आत पोहताना दिसले पाहिजेत. मग दोन दिवसांनी तेच प्रश्न येतात, पाणी पांढरं का झालं, क्लाऊनफिश कोपऱ्यात का पडून आहे, कोरल (प्रवाळ) उघडत का नाही. कारणं शोधायला गेलं की दर वेळी त्याच चार-पाच गोष्टी निघतात आणि त्या सगळ्या टाळता येण्यासारख्या असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमचा छोटा टँक चालतो तो बॅक्टेरियांच्या जिवावर. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. यालाच सायकल म्हणतात. हे बॅक्टेरिया चिकटून राहतात लाइव्ह रॉकवर (म्हणजे जीव आणि बॅक्टेरिया वसलेल्या दगडांवर), वाळूच्या वरच्या थरात, फिल्टरच्या स्पंजमध्ये. पाण्यात तरंगणारे फार थोडे. त्यामुळे "जुनं पाणी सगळं वापरलंय, आता सायकलची काळजी नाही" असं कोणी म्हणालं की समजायचं, याला मूळ गोष्टच कळलेली नाही. शिफ्टिंगमध्ये खरा जपायचा माल म्हणजे दगड. ते पूर्ण वेळ खाऱ्या पाण्यात बुडलेले, कोमट आणि हलत्या पाण्यात राहिले तर अर्धं काम झालं. बाहेर ट्रेमध्ये वाळत ठेवले तर त्यांच्यावरचे सागरी स्पंज आणि बारीक जीव मरतात आणि तेच दगड नव्या टँकमध्ये जाऊन अमोनिया सोडायला लागतात.

जुनी वाळू तशीच उचलून ओतणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, आणि सगळ्यात जास्त केली जाणारीसुद्धा. लोकांना वाटतं वाळूत बॅक्टेरिया आहेत म्हणजे ती न्यायलाच हवी. आहेत, पण त्याच वाळूच्या खालच्या थरात वर्षानुवर्षांची विष्ठा, कुजलेलं खाणं आणि मेलेले किडे दाबून बसलेले असतात. वाळू जागेवर आहे तोवर बहुतेक वेळा काही होत नाही. उपसली की हे सगळं एका फटक्यात पाण्यात मिसळतं. खोल थरात ऑक्सिजन पोचत नसेल तर काळे पट्टे दिसतात आणि उकरल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड, आणि तो माशांना फार थोड्या प्रमाणातही मारतो. त्यात समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग कमी पीएचच्या गोड्या पाण्यातल्यापेक्षा बराच जास्त.

एका मित्राचं सांगतो. त्याचा ७० लिटरचा टँक तीन-चार वर्षं सुंदर चाललेला, दोन क्लाऊन, एक रॉयल ग्रॅमा आणि एक गोबी हे मासे, क्लीनर श्रिंप (कोळंबी), थोडे झोआ (बटणांसारखे छोटे कोरल) आणि एक हॅमर कोरल. नवीन टँक २५० लिटरचा. त्याला मी आधीच सांगितलं होतं की वाळू नवीन घे, पण दुकानात कोणीतरी त्याला सांगितलं की जुनी वाळू टाकलीस तर टँक लगेच सायकल होतो, आणि ते ऐकायला सोपं होतं. त्याने एका दुपारी सगळं केलं. वाळू बादलीने उपसली, तशीच नवीन टँकमध्ये ओतली, वर दगड, वर पाणी, आणि पाणी गढूळ असतानाच मासे सोडले, कारण बादलीत त्यांना त्रास होत असेल असं त्याला वाटलं. रात्री उशिरा फोन आला, "अरे मासे वर येऊन तोंड उघडतायत, एक तर दिसतच नाहीये." मी विचारलं अमोनिया किती आहे, तर टेस्ट किटच नव्हतं. विचारलं बनवलेलं खारं पाणी किती शिल्लक आहे, तर थेंबही नाही, सगळं टँकमध्ये गेलं.

माझ्याकडे एक ड्रम कायम भरलेला असतो, ही माझी जुनी सवय, तो कॅनमध्ये भरून घेऊन गेलो. टेस्ट केली तर नळी पिवळी राहायच्या ऐवजी गडद हिरवी झाली, म्हणजे अमोनिया खूप चढलेला. मासे टँकमधून काढून चांगल्या पाण्याच्या बादल्यांमध्ये ठेवले, एअरस्टोन लावला, दगड वेगळ्या टबमध्ये पॉवरहेड (पाणी हलवत ठेवणारा छोटा पंप) लावून ठेवले, आणि मग सगळी वाळू पुन्हा बाहेर काढली, जी न टाकणं दुपारी दहा मिनिटांचं काम होतं. क्लाऊन वाचले, ग्रॅमाही वाचला. गोबी आणि श्रिंप गेले. हॅमरचं एक डोकं राहिलं, बाकीचं सडून गळून पडलं. त्या गोबीला त्याने अगदी लहान असल्यापासून वाढवलं होतं. हे सगळं एका ऐकीव शॉर्टकटमुळे झालं, आणि असे शॉर्टकट सांगणारे लोक रात्री फोन उचलत नाहीत.

माझी पद्धत अशी की जुनी वाळू टाकून देतो. नवीन वाळू स्वच्छ धुऊन घेतो आणि जुन्या वाळूच्या फक्त वरच्या थरातला एक कप घेऊन नव्या वाळूवर पसरतो, बस. जुनीच वापरायची असेल तर बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी पूर्ण नितळ येईपर्यंत धुवा, कंटाळा येईल एवढी धुवा, आणि शेवटचं पाणी आरओचं. धुण्यात बॅक्टेरिया मरतील हे खरंय, मरू देत, दगड पुरेसे आहेत. अजून एक, दगड आधी काचेवर नीट बसवा आणि मग वाळू टाका. वाळूवर दगड रचले तर खोदणारे गोबी आणि पिस्टल श्रिंप खालून पोकळी करतात आणि रचना कोसळते.

पाणी त्याच दिवशी बनवणं

दुसरी आवडती चूक. मीठ ओतलं, हाताने ढवळलं, पाणी साधारण साफ दिसलं की मासे आत. ताज्या मिसळलेल्या मिठाच्या पाण्यात सगळं विरघळलेलं नसतं, पीएच स्थिर नसतो, आणि असं पाणी कल्ल्यांना झोंबतं. मी निदान एक पूर्ण दिवस आधी पाणी बनवतो, आत पॉवरहेड आणि हीटर चालू ठेवून. आधी पाणी, मग त्यात हळूहळू मीठ. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट तिथेच एकमेकांना धरून पांढरा साका करतात आणि तो नंतर विरघळत नाही.

लक्षात घ्या, ७० लिटरचं सगळं जुनं पाणी जरी २५० लिटरमध्ये ओतलं तरी ते चौथ्या हिश्श्याहून थोडंच जास्त होतं. म्हणजे तुमचे मासे आणि कोरल बहुतांश नवीन पाण्यात जातायत. जुन्या टँकची अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, ते डीकेएचमध्ये मोजतात) बऱ्याचदा खाली येऊन ७ डीकेएच झालेली असते आणि कित्येक रीफ सॉल्टची ताज्या पाण्यात ११-१२ येते. सॉफ्ट कोरल हे सहन करतात, अॅक्रोपोरासारख्या नाजूक कठीण कोरलची टोकं मात्र जळतात आणि मग लोक लाइटला दोष देत बसतात. यावर माझा उपाय अगदी साधा आहे, शिफ्टिंगच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत जुन्या टँकचे वॉटर चेंज त्याच मिठाने आणि त्याच मापाने करायचे. शिफ्टिंगच्या दिवशी दोन्हीकडचं पाणी बऱ्यापैकी सारखं झालेलं असतं आणि तासन्‌तास ड्रिप (नवं पाणी थेंबाथेंबाने मिसळणं) करत बसावं लागत नाही.

सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास ठेवा. काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर विश्वास ठेवू नका. काट्याला एखादा बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो, रीडिंग जास्त दाखवतो आणि तुम्ही समजता मीठ पुरेसं आहे. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा मोजणारं यंत्र) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन सोल्यूशनने लावा, नुसत्या आरओच्या पाण्याने शून्यावर लावलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकीचा असू शकतो. माशांना थोडा फरक चालून जातो. स्टारफिश, श्रिंप आणि गोगलगायींना चालत नाही, यांना फरक असला तर ड्रिपनेच हळूहळू न्या.

आणि लागेल त्यापेक्षा जास्त पाणी बनवा. निदान अर्धा टँक बदलता येईल एवढं बाजूला तयार असलंच पाहिजे. त्याशिवाय शिफ्टिंगला हात घालू नका.

मासे आधी पकडायला जाणं

दगड आत असताना जाळी घेऊन माशाच्या मागे धावणं म्हणजे त्याला शिफ्टिंगच्या आधीच अर्धमेलं करणं. आधी कोरल काढा, मग जुनं स्वच्छ पाणी झाकणाच्या बादल्यांमध्ये सायफनने घ्या, मग दगड उचला, पाणी वीतभर राहिलं की मासे आपोआप हातात येतात. जाळीऐवजी पारदर्शक डबा वापरा, एंजलफिशच्या गालाचे काटे जाळीत अडकतात आणि मासा जखमी होतो. दगड उचलताना प्रत्येक भोक बघा, गोबी आणि ब्लेनी आत लपून बसतात आणि दगडाबरोबर बाहेर येऊन कोरड्यात मरतात. अॅनिमोनीला (समुद्रफूल) ओढून काढू नका, पाय फाटला की बहुतेक वेळा ती जगत नाही. ज्या दगडावर आहे त्या दगडासकट न्या.

पाणी उतरवायच्या आधी हीटर बंद करून थंड होऊ द्या. गरम काचेचा हीटर हवेत उघडा पडला की तडकतो. खाऱ्या पाण्यात वायरींशी खेळताना सगळे प्लग काढलेले असू द्या, एवढं तरी कराच.

एक गोष्ट जरा गंभीरपणे. झोआ आणि त्यांच्याच जातकुळीतल्या पॅलिथोआ कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं आणि ते माणसासाठी अत्यंत घातक विष आहे. असे दगड कधीही उकळू नका, ब्रशने घासू नका, गरम पाणी ओतू नका, वाफेतूनही ते शरीरात जातं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा, हाताला कापलेलं असेल तर दुसऱ्याला करायला सांगा. दगड "स्वच्छ करून" टाकायची हौस असलेल्यांनी हे दोनदा वाचा.

टँकबद्दलच्या चुका

सेकंडहँड टँक घेतला आणि त्यात कधी कॉपरचं औषध वापरलंय का हे विचारलंच नाही, असं करू नका. जुने दगड आणि वाळू कॉपर धरून ठेवतात आणि ते माशांना चाललं तरी श्रिंप, गोगलगायी आणि कोरल मरतात.

गोड्या पाण्याने भरून लीक टेस्ट घ्या, लेव्हल बघा. २५० लिटर खारं पाणी म्हणजे अडीचशे किलोहून जास्त, वर दगड, काच आणि स्टँड.

संप (टँकखालची फिल्टरची टाकी) असेल तर पंप मुद्दाम बंद करून बघा. रिटर्न पाइपमधून पाणी उलटं खाली येतं आणि संप भरून जमिनीवर वाहतं, हे लाइट गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. संपमध्ये जास्तीत जास्त किती पाणी ठेवायचं त्याची खूण मार्करने करून ठेवा.

साबणासाठी वापरलेल्या बादल्या घेऊ नका.

माझ्याकडे दोन्ही टँक ठेवायला जागा असेल तर मी घाई करतच नाही. नव्या टँकसाठीचा स्पंज आणि सिरॅमिक मीडिया चार-सहा आठवडे आधी जुन्या टँकमध्ये टाकून ठेवतो, म्हणजे बॅक्टेरिया त्यावर बसतात. बाटलीतले बॅक्टेरिया वापरायला हरकत नाही, मीही टाकतो, पण बाटली ओतली म्हणून त्याच दिवशी माशांची संख्या दुप्पट करायचा परवाना मिळत नाही.

मासे आत गेल्यावर

नवीन लाइट पूर्ण ताकदीने लावू नका. जुन्या कमजोर लाइटखाली वाढलेले कोरल एकदम तीव्र प्रकाशात आपल्या आतली शेवाळं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. मी निम्म्यापासून सुरू करतो, कोरल खाली वाळूवर ठेवतो आणि तीन-चार आठवडे घेऊन वर नेतो.

भांडकुदळ मासा शेवटी सोडा. डॅमसेल किंवा मोठा मरून क्लाऊन आधी गेला तर अख्खा टँक त्याचाच होतो. दगडांची रचना बदललेली असली की जुन्या हद्दी मोडतात, हा शिफ्टिंगचा एक फायदाच आहे.

पहिला आठवडा रोज अमोनिया तपासा, नायट्राइटही बघा. खाणं निम्मं करा. अमोनिया दिसला तर लगेच त्या तयार पाण्याने मोठा वॉटर चेंज, मग अमोनिया बांधणारं कंडिशनर. ते टाकल्यावर बऱ्याच किटमध्ये अमोनिया तसाच दिसत राहतो कारण किट एकूण अमोनिया मोजतं, ते बघून पुन्हा पुन्हा बाटली ओतत बसू नका. स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) त्यानंतर काही दिवस वेड्यासारखा फेस काढेल, त्याचा कप वर उचलून ठेवा.

दोन-तीन आठवड्यांत काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर येईल, ते डायटम (एक सूक्ष्म शेवाळ). नव्या पृष्ठभागावर येतातच आणि जातातही, त्यासाठी औषध घेऊ नका. बाष्पीभवन आता जास्त होईल, टॉप-अप गोड्या आरओ पाण्याने, खाऱ्या नाही, कारण मीठ उडून जात नाही.

आणि तो टँग मासा, ज्याच्यासाठी मोठा टँक घेतलाय, तो पहिला महिना आणू नका. अमोनिया आणि नायट्राइट सलग शून्य दिसू देत, जुने मासे नीट खाऊ देत, मग एक आणा, क्वारंटाइनमधून काढून, आणि पुढचा त्याच्यानंतर काही आठवड्यांनी.