फालशाला पाला उदंड, फळं मूठभर? या चुका टाळा

फालसा, म्हणजे बारीक, आंबटगोड जांभळ्या फळांचं झुडूप, लावणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. झुडूप माडीला टेकलं, पाला दाट आहे, फळं मात्र मूठभर, आणि तीही शेंड्याला, हात न पोचणारी. मग खत वाढवलं जातं, पाणी वाढवलं जातं, शेवटी रोपवाटिकेवाल्याच्या नावाने बोटं मोडली जातात. रोपात खोट क्वचितच असते. कोयता चाललेला नसतो, एवढंच.

छाटणीला जीव होत नाही

फालशाला फळ धरतं ते चालू हंगामातल्या नव्या फुटीवर. जुन्या फांद्या नुसत्या उंच होत राहतात आणि फूट वर-वर सरकते. म्हणून दरवर्षी छाटणी हवीच, आणि तीही हात न राखता. जमिनीपासून तीन ते चार फुटांवर सगळ्या फांद्या कापायच्या, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडापासून काढायच्या. झाड पार बोडकं दिसतं, घरचे हळहळतात. महिनाभरात प्रत्येक खुंटावर फूट दिसू लागते.

वेळ डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य. पंजाब-उत्तर प्रदेशात थंडीने फालशाची पानं झडतात, त्यामुळे तिकडे झाड झोपलंय हे दिसतं. आपल्याकडे हिवाळा सौम्य. पानं बरीचशी टिकतात आणि ‘चांगलं हिरवं आहे, कशाला कापा’ म्हणत जानेवारी निघून जातो. मार्चमध्ये जाग येऊन कोयता चालवला, तर फुलावर आलेल्या फांद्याच जातात. जूनमध्ये बाकीच्या बागेबरोबर सरसकट छाटणाऱ्यांना पावसाळाभर पाला मिळतो.

छाटलेल्या काट्या फेकू नका. चिवट असतात, उत्तरेत त्यांच्या टोपल्या विणतात, आपल्याकडे वेलींना आधार म्हणून तरी चालतात.

पाण्याचे लाड

फालसा मूळचा कोरड्या, उन्हाच्या मुलखात रमणारा. मुरमाड, हलकी जमीन त्याला चालते. पाणी साचणारी अजिबात चालत नाही. भारी काळ्या रानात लावायचा असेल तर वरंब्यावर लावा. छाटणीनंतर प्रत्येक झुडपाला आठ-दहा किलो कुजलेलं शेणखत आळ्यात मिसळून एक पाणी द्या. त्यानंतर फूट येईपर्यंत रोज नळी सोडायचं कारण नाही. खरी गरज फळ फुगण्याच्या वेळी, मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा ताण पडला तर फळ बारीक राहतं, नुसती बी आणि साल.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर पाणी कमी पडलं असं समजून आणखी ओतू नका. चुनखडीच्या जमिनीत हे बहुधा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं. पाणी बेताचं ठेवा, शेणखत वाढवा, फेरस सल्फेटची सौम्य फवारणी करा.

सावली ही दुसरी गोष्ट. आंब्याखाली, भिंतीच्या उत्तरेला फालसा जगतो, फळत नाही. दोन झुडपांत आठ-दहा फूट अंतर ठेवा.

बी जपून ठेवणं

उन्हाळ्यात खाल्लेल्या फळांची बी ‘पुढच्या वर्षी लावू’ म्हणून डबीत ठेवतात. फालशाच्या बीची उगवणशक्ती काही महिन्यांतच जाते. गर धुऊन लगेच पेरा. ताजी बी दोन-तीन आठवड्यांत उगवते. फळ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून. काडी लावून रोप करण्याच्या फंदात शक्यतो पडू नका, मुळं सहजी फुटत नाहीत. बियांच्या रोपांत उंच आणि ठेंगणी असे दोन प्रकार निघतात. घराजवळ ठेंगणाच बरा, त्याला फळही जास्त लागतं.

खोडावरची जाळी

खोडाच्या बेचक्यात भुश्यासारखा तपकिरी चुरा आणि त्यावर कोळिष्टकागत जाळं दिसलं, तर ती साल खाणारी अळी. वरून कितीही फवारा, ती आत भोकात बसलेली असते. जाळं ब्रशने खरवडा, भोक सापडलं की त्यात तार घाला, रॉकेलचा बोळा कोंबून चिखलाने लिंपा. पावसात पानांवर पडणारे तपकिरी ठिपके मात्र फारसे मनावर घेऊ नका. पडलेला पाला गोळा करून जाळला आणि हिवाळी छाटणी झाली की ते बरेचसे आटोक्यात येतात.

तोड्याची घाई आणि आळस

फालशाची फूट खालून वर फुलत जाते. त्यामुळे एकाच फांदीवर तळाशी जांभळी फळं, मध्ये लालसर, वर हिरवी आणि टोकाला पिवळी फुलं, असं सगळं एकदम दिसतं. झुबका ओरबाडला की पुढचे दोन तोडे गेले. गडद जांभळं, बोटाला मऊ लागणारं फळ तेवढंच खुडा. कच्चं तोडलेलं घरी ठेवून गोड होत नाही. एक-दोन दिवसांआड फेरी मारावी लागते, कारण तुम्ही चुकलात तरी बुलबुल चुकत नाही. जाळी घालायचीच तर ताणून बांधा, सैल जाळीत पक्षी अडकून मरतात. फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांना वाट म्हणून फळ लाल होऊ लागेपर्यंत ती घालूच नका.

आणि पाहुणे रविवारी येणार म्हणून शुक्रवारची फळं राखून ठेवू नका. साध्या हवेत ती एका दिवसात पाणी सोडतात. जास्त निघाली तर त्याच दिवशी चिमूटभर मीठ घालून हाताने कुस्करा, गाळा आणि रस बर्फाच्या साच्यात ओता. मिक्सर लावलात तर बी भरडली जाते आणि सरबत तुरट होतं.