डोळ्यांदेखत अपघाती मृत्यू पाहिल्यावर

रस्त्यावर किंवा रुळांवर कुणाचा जीव जाताना पाहिला, की हातपाय थरथरतात, तोंडाला कोरड पडते. ते हळूहळू ओसरतं. तोवर गाडी चालवू नका. बसा, घोटभर पाणी प्या, घरच्या कुणाला तरी बोलावून घ्या.

रात्री तेच परत येतं: ब्रेकचा कर्कश आवाज, रस्त्यावर उरलेली एक चप्पल. अशा वेळी तळपाय फरशीवर टेकवा, खोलीतल्या 5 वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. झोपेसाठी दारू नको. झोप तुटक होते. अपघाताचे व्हिडिओ पुन्हापुन्हा बघू नका.

बोलावंसं वाटलं तर बोला, पण ‘काय काय झालं, सगळं सांग’ असा आग्रह कुणी धरू नये. त्याने त्रास वाढू शकतो.

‘मी आधी धावलो असतो तर’ हा विचार फार छळतो. त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होतं, किती सेकंद हाताशी होते, एवढंच कागदावर लिहा. नंतर कळलेलं त्यात मिसळू नका.

महिन्यानंतरही दचकणं, वाईट स्वप्नं, तो रस्ता टाळणं चालूच असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जीव नकोसा वाटला तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.