ड्राफ्टमधला पहिला नंबर 'वाया गेला' म्हणण्याआधी: फुटी बघताना या चुका टाळा

८ जून २००९. राणीच्या वाढदिवसाची सुट्टी, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा म्हणजे 'फुटी'चा सामना, मेलबर्न विरुद्ध कॉलिंगवूड. अठरा वर्षांचा जॅक वॉट्स त्या दिवशी पहिल्यांदा सीनियर संघातून उतरला. तेव्हा तो शाळेत बारावीला होता. आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, देशभरातल्या सगळ्या मुलांमधून मेलबर्न क्लबने त्याला पहिलं उचललं होतं. सुरुवातीलाच बॉल हातात आला आणि कॉलिंगवूडच्या गड्यांनी त्याला चहूबाजूंनी घेरून खाली दाबलं. तेवढं दृश्य पुढची कितीतरी वर्षं टीव्हीवर फिरत राहिलं. तो एकूण १७४ सामने खेळला, पण त्याचं नाव निघालं की लोकांना आजही तो टॅकलच आठवतो.

मेलबर्नमध्ये आता मराठी घरं बरीच आहेत. मुलं ऑसकिकला, म्हणजे लहानांच्या फुटी वर्गाला जातात आणि आई-वडील हळूहळू एखाद्या क्लबचे पाठीराखे होतात. ड्राफ्टची रात्र आली की ग्रुपवर गप्पा रंगतात, आणि दोन-तीन वर्षांत त्याच ग्रुपवर 'वाया गेला' असे निकालही लागतात. या निकालांमध्ये होणाऱ्या चुका मी इथे मांडतो आहे. यातल्या बहुतेक मी स्वतः केल्या आहेत.

ड्राफ्टला आयपीएलचा लिलाव समजणं

आपल्या डोक्यात लिलाव बसलेला असतो. ज्याच्यावर बोली मोठी, त्याने लगेच खेळून दाखवायचं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा ड्राफ्ट १९८६ साली सुरू झाला, आणि त्याची रीत वेगळी आहे. तिथे बोली लागत नाही. गुणतक्त्यात शेवटी आलेला क्लब आधी निवडतो, विजेता सर्वांत शेवटी. निवडली जाणारी मुलं बहुतेक अठरा वर्षांची, नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली किंवा पडणारी. क्लब कोणता आणि शहर कोणतं, हे त्यांच्या हातात नसतं. ॲडलेडचा मुलगा मेलबर्नला जातो, मेलबर्नचा पश्चिम सिडनीला. २०२१ चा पहिला नंबर जेसन हॉर्न-फ्रान्सिस एका मोसमातच नॉर्थ मेलबर्न सोडून आपल्या गावाकडच्या पोर्ट ॲडलेडला परतला. त्याच्यावर टीका खूप झाली. पण अठरा-एकोणीसच्या वयात घरापासून सातशे किलोमीटरवर, सतत हरणाऱ्या संघात राहणं काय असतं, हे परदेशात शिकायला आलेल्या आपल्या मुलांना कुणी समजावून सांगायला नको.

मुलाकडे बघणं आणि क्लबकडे न बघणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक ही आहे. बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच निघतात.

पहिला नंबर तळाच्या क्लबला मिळतो, म्हणजे सगळ्यांत होतकरू मुलगा सगळ्यांत विस्कटलेल्या घरात जाऊन पडतो. तिथे प्रशिक्षकाची खुर्ची डळमळीत असते, अनुभवी खेळाडू थोडे असतात आणि पाठीराखे वैतागलेले असतात. ज्याच्या आडोशाला उभं राहून शिकावं असा मोठा गडी मैदानात शेजारी नसतो. उलट विरुद्ध संघाचा सगळ्यांत तगडा बचावपटू या नवख्याच्याच अंगावर सोडला जातो.

मेलबर्नचंच बघा. २००८ मध्ये ३ विजय, २००९ मध्ये ४, दोन्ही वर्षं शेवटचा नंबर. सलग दोन मोसम पाचपेक्षा कमी विजय झाले म्हणून तेव्हाच्या नियमाप्रमाणे २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांना पहिली आणि दुसरी अशा दोन्ही निवडी मिळाल्या. टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह आले. आधीच्या वर्षीचा वॉट्स होताच. कागदावर हा सोन्याचा साठा होता. पण जुलै २०११ मध्ये जिलाँगने त्यांना १८६ गुणांनी हरवलं आणि प्रशिक्षक डीन बेली यांना जावं लागलं. वर्षअखेरीस स्कली नव्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबकडे निघून गेला. पुढचे प्रशिक्षक मार्क नील्ड २०१३ च्या मोसमाच्या मध्यातच गेले. त्या वर्षी संघ फक्त २ सामने जिंकला.

वॉट्सने मेलबर्नमध्ये हंगामी धरून सहा मुख्य प्रशिक्षक पाहिले. कुणी त्याला पुढे ठेवलं, कुणी विंगवर, कुणी बचावात. उंची १९६ सेंटीमीटर, किक सुंदर, मैदान वाचणारी नजर, पण अंगावर धावून जाण्याचा स्वभाव नाही. या खेळाडूला नेमकं काय करायला द्यायचं, याचं उत्तर क्लबला वर्षानुवर्षं सापडलं नाही, आणि त्याचा दोष त्याच्या माथी बसला. २०१६ मध्ये त्याला पुढच्या फळीत स्थिर जागा मिळाली, तेव्हा त्याने एका मोसमात ३८ गोल केले. २०१७ च्या राणीच्या वाढदिवसाला, तेच मैदान आणि तोच कॉलिंगवूड, शेवटच्या मिनिटांत त्याने मारलेल्या गोलने मेलबर्न चार गुणांनी जिंकलं. त्या दिवशी मला २००९ आठवला आणि भरून आलं. त्याच वर्षाच्या शेवटी क्लबने त्याला पोर्ट ॲडलेडला देऊन टाकलं.

उपाय: वरच्या नंबरवर निवडलेला एखादा मुलगा अडखळतोय असं दिसलं, तर आधी तीन गोष्टी तपासा. तो आल्यापासून प्रशिक्षक किती बदलले? दोन मोसम तो एकाच जागी खेळला का? त्याच्या फळीत पाच-सात वर्षं मुरलेले गडी किती आहेत? मुलाबद्दल मत बनवायचं ते यानंतर.

उंच मुलाला मिडफिल्डरच्या घड्याळाने मोजणं

हा खेळ क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानावर, प्रत्येकी १८ गड्यांचा. मधल्या फळीतला चपळ मुलगा विसाव्या वर्षी चमकू शकतो. बॉल सतत फिरत असतो आणि धावणाऱ्याला तो मिळतो. गोलसमोरचा उंच फॉरवर्ड किंवा रकमन (वर उडवलेल्या बॉलसाठी उडी घेऊन झुंजणारा उंच गडी) यांचं तसं नाही. त्यांना तिशीकडे झुकलेल्या, शंभर किलोच्या माणसांशी हवेत झुंजायचं असतं. ते बळ शाळेतून निघालेल्या अंगात नसतं. ते चार-पाच वर्षांनी येतं, कधी त्याहून उशिरा.

याचा दाखला मेलबर्नमध्येच आहे. स्कली-ट्रेंगोव्हच्याच २००९ च्या ड्राफ्टमध्ये क्लबने ३४ व्या नंबरवर मॅक्स गॉन नावाचा गुडघा दुखावलेला लांबलचक रकमन घेतला. त्याची पहिली वर्षं दुखापतीत आणि राखीव संघात गेली. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात त्याचं नाव पहिल्यांदा आलं ते २०१६ मध्ये, निवडीनंतर सात वर्षांनी. २०२१ मध्ये मेलबर्नने १९६४ नंतरची पहिली प्रीमियरशिप, म्हणजे मोसमाचं विजेतेपद, जिंकली तेव्हा कर्णधार तोच होता. ३४ वा नंबर असल्यामुळे सात वर्षं त्याच्याकडे कुणी घड्याळ लावून बघितलं नाही. ती सवड वॉट्सला मिळाली नाही.

पुढच्या नंबरशी तुलना करत बसणं

२००४. रिचमंडने चौथ्या नंबरवर रिचर्ड टॅम्बलिंगला घेतलं, आणि पुढच्याच निवडीत हॉथॉर्नने लान्स फ्रँकलिनला. फ्रँकलिन ३५४ सामन्यांत १०६६ गोल करून निवृत्त झाला. अशा खेळाडूच्या एक घर आधी उभं असणं हाच टॅम्बलिंगचा गुन्हा ठरला. त्याच्या प्रत्येक चुकीला 'बडी (म्हणजे फ्रँकलिन) मिळाला असता' हे शेपूट जोडलं गेलं.

पण ही निवड कुणी केली? क्लबने. चौथ्या नंबरवर मला घ्या, असं त्या मुलाने सांगितलं नव्हतं. २००९ मध्येही हेच: ट्रेंगोव्हनंतरच्याच नंबरवर रिचमंडने डस्टिन मार्टिनला घेतलं, आणि त्याने पुढे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल आणि तीन ग्रँड फायनलमध्ये (अंतिम सामन्यांत) सर्वोत्तम खेळाडूची तीन नॉर्म स्मिथ मेडल्स मिळवली. २००६ मध्ये जोएल सेलवूडच्या गुडघ्याकडे बघून क्लब बिचकले, सहा नावं आधी गेली, मग जिलाँगने त्याला घेतलं. तो ३५५ सामने खेळला आणि चार प्रीमियरशिप जिंकला. त्या सहा मुलांनी कुणाचं काही हिसकावलं नव्हतं.

तुलना करायचीच असेल तर निदान मुदत लांब धरा. २००१ मध्ये ल्यूक हॉज पहिला आणि ख्रिस जड तिसरा. जडने २००४ मध्येच ब्राउनलो जिंकलं आणि हॉथॉर्नवाल्यांना 'चुकलात' असं ऐकावं लागलं. नंतर हॉजच्या नावावर चार प्रीमियरशिप आणि दोन नॉर्म स्मिथ मेडल्स लागली. २००४ मध्ये लिहिलेला निकाल २०१५ पर्यंत टिकला नाही.

दुखापत म्हणजे कारण सांगणं, असं मानणं

ट्रेंगोव्ह २०१२ मध्ये विसाव्या वर्षी जॅक ग्राइम्सबरोबर कर्णधार झाला, या लीगच्या इतिहासातला सर्वांत तरुण. आधीच दुसऱ्या निवडीचं ओझं, त्यावर कर्णधारपद, आणि संघ तळाला. मग पावलाच्या नाविक्युलर हाडाला इजा झाली. हे हाड वाईट असतं. रक्तपुरवठा कमी, भरून यायला वेळ फार, आणि या खेळात धावणं मात्र न संपणारं. त्याची कारकीर्द एकूण ८९ सामन्यांवर थांबली. एसेंडनने २००६ मध्ये दुसऱ्या नंबरवर घेतलेला स्कॉट गंबलटन तर दुखापतींमुळे जेमतेम ३५ सामने खेळू शकला.

पॅडी मॅकार्टिनचं सांगताना मला जास्त त्रास होतो. सेंट किल्डाने २०१४ मध्ये त्याला पहिलं घेतलं. पाच वर्षांत त्याच्या डोक्याला आठ वेळा मार लागून कन्कशन (मेंदूला धक्का) झालं. त्याच ड्राफ्टमधला दुसरा नंबर ख्रिश्चन पेट्राका चमकत होता, आणि स्टँडमधले लोक दोघांची नावं एका दमात घेत होते. मॅकार्टिन सिडनीकडून परत आला, बचावात खेळला, भाऊ टॉमसोबत २०२२ ची ग्रँड फायनलही खेळला. २०२३ मध्ये पुन्हा डोक्याला मार बसला आणि त्याने खेळ थांबवला. हा मुलगा अपयशी होता असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालतो, आणि पुढेही घालीन.

दिसणारी इजा लोक निदान मोजतात. न दिसणारी मोजतही नाहीत. २०१३ चा पहिला नंबर टॉम बॉइड एका मोसमानंतर ग्रेटर वेस्टर्न सिडनीहून वेस्टर्न बुलडॉग्जकडे आला. सात वर्षांचा करार, सुमारे ७० लाख डॉलरचा म्हणून गाजलेला. आता नंबराच्या जोडीला किंमतही त्याच्या पाठीवर चिकटली. २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने तीन गोल केले. शेवटच्या क्वार्टरमधला एक इतक्या लांबून होता की बॉल टप्पे घेत पोहोचेपर्यंत सगळं मैदान श्वास रोखून उभं होतं. बुलडॉग्जची १९५४ नंतरची ती पहिली प्रीमियरशिप. २०१७ मध्ये नैराश्यामुळे त्याला खेळातून काही काळ बाजूला व्हावं लागलं. २०१९ च्या मे महिन्यात, कराराची वर्षं शिल्लक असताना, तेविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. सामने ६१. फक्त सामने मोजले तर हा हिशेब तोट्याचा दिसतो. पण बासष्ट वर्षं वाट बघितलेल्या फुट्सक्रेच्या, म्हणजे बुलडॉग्जच्या उपनगरातल्या, म्हाताऱ्यांना जाऊन विचारा.

चाचण्यांच्या आकड्यांवर भाळणं

याबद्दल थोडक्यात. ड्राफ्टआधीच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे शारीरिक चाचण्यांत, २० मीटरची धाव, उभी उडी, चपळता, २ किलोमीटरची वेळ असं सगळं मोजतात. गर्दीत बॉल कुठे पडणार हे आधी ओळखणं तिथे मोजता येत नाही. मॅट प्रिडिस वेगात कमी म्हणून मुख्य ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. तो रूकी यादीतून, म्हणजे नवख्यांच्या जादा यादीतून, वेस्ट कोस्ट क्लबमध्ये आला आणि २०१४ चं ब्राउनलो जिंकला. लॅकी नील २०११ मध्ये ५८ व्या नंबरवर गेला. त्याच्याकडे आज दोन ब्राउनलो मेडल्स आहेत.

घरच्यांची चूक

हे आपल्या लोकांसाठी. आपल्यापैकी एखाद्याचा मुलगा किंवा मुलगी उद्या ज्युनिअर लीगमधून वर जाईल, तो दिवस फार लांब नाही. आपल्याकडे दहावीचे टक्के सोसायटीभर सांगतात, तशी ड्राफ्टचा अंदाजी नंबर सांगण्याची सवय लागू देऊ नका. वर्तमानपत्रं आधी महिनाभर याद्या छापतात. 'पहिल्या दहात आहे' हे वाक्य घरात दहा वेळा उच्चारलं गेलं की तेविसाव्या नंबरवर निवडलेला मुलगाही हरल्यासारखा घरी येतो. शिक्षण अर्ध्यात सोडू देऊ नका. पहिला करार थोड्याच वर्षांचा असतो. आणि मुलाला दुसऱ्या शहरात जावं लागलं, तर पहिल्या हिवाळ्यात आई किंवा बाबांपैकी कुणीतरी मधून मधून तिकडे जाऊन राहा. डबा नेलात तर तोही चालेल, क्लबचे आहारतज्ज्ञ काहीही म्हणोत.

'बस्ट' हा शब्द सैल वापरणं

इथे फसलेल्या निवडीला 'बस्ट' म्हणतात. हा शब्द तोंडावर येईल तेव्हा टॅम्बलिंगचा आकडा काढून बघा. रिचमंडकडून १०८ सामने, मग ॲडलेडकडून १६. वडिलांनी एका क्लबकडून १०० सीनियर सामने खेळले असतील, तर त्यांच्या मुलाला घेण्याचा पहिला हक्क त्या क्लबला मिळतो, असा इथला फादर-सन नियम आहे. ज्याला रिचमंडवाल्यांनी वर्षानुवर्षं चुकलेली निवड म्हटलं, त्याचं घराणं त्या नियमाप्रमाणे रिचमंडचंच आहे.